सांगलीत मुलांबरोबर वाजवायचं शिल्प करतोय. सूचना द्या, भांडलात तरी चालेल

कृष्णाकाठची
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

मी चित्रकलेची शिक्षिका. सांगलीत नदीकडं उतरणाऱ्या एका रस्त्यालगत ओळखीच्यांची दोन गुंठे मोकळी जागा आहे. तिथं लोकांनी येता-जाता हात लावावा, वाजवावं असं काहीतरी कायमचं उभं करायचं ठरलंय. करणार मुलंच. चौदा जण आहेत, वय तेरा ते एकोणीस. दोघं अंध, तिघं कर्णबधिर, एक मुलगी व्हीलचेअरवर, एक स्वमग्न मुलगा, आणि एकाला सेरेब्रल पाल्सीमुळं बोटांत पकड नाही. उरलेल्या सहा जणांना काही नाही असं मी पहिल्या दिवशी बोलून गेले, तर त्यातला एक म्हणाला, "मॅडम, मला गणित येत नाही."

पहिल्याच बैठकीत मी माती खाल्ली. घरून स्केच करून नेलं होतं. भलीमोठी सतार, तारांच्या जागी पाइप. मुलं गप्प बघत राहिली. मग एकीनं विचारलं, "म्हणजे आम्ही फक्त रंग द्यायचा का?" स्केच गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं.

विषय त्यांनीच निवडला. मोठ्यांना विचारलं असतं तर यादी ठरलेली होती: गणपती, हळद, विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं सीतास्वयंवर नाटक. मुलं म्हणाली पूर. त्यातल्या निम्म्यांची वह्या-पुस्तकं २०१९ ला गेलेली आहेत.

जागेच्या मागच्या भिंतीवर पुराच्या तीन रेघा आहेत. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर होतं (धोक्याची पातळी ४५), आणि आमच्या भिंतीवर ते जमिनीपासून सात फुटांवर. २०२१ ची रेघ साडेचार फुटांवर, २००५ ची साडेतीनच्या आत. मुलांचं म्हणणं असं की प्रत्येक रेघेच्या उंचीला आडवे पाइप टांगायचे आणि येणाऱ्यानं ते वाजवायचे.

आता अडचणी. पाइप सुरात येईनात. सात फुटांवरचा पाइप व्हीलचेअरवरच्या मुलीनं वाजवायचा कसा? आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी यात काय आहे? सांगा.


हळदीचं पोतं
सोमवार, रात्री १०:२०

ताई, झकास. पण पुराचं शिल्प पुरातच वाहून गेलं तर पेपरवाल्यांची चांदी हाय बघा.

एक सुचवतो. सांगली म्हणजे हळद. २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालंय. भिंत हळदीनंच रंगवा की. रंगाला रंग, वासाला वास. ज्यांना दिसत नाही त्यांना वासावरनं कळंल.


कृष्णाकाठची
सोमवार, रात्री १०:४५

पोतेदादा, ते करून झालं. भिंतीला आदल्याच दिवशी चुना दिला होता. मुलांनी हळदीचं पाणी फासलं आणि भिंत लालभडक. सगळी किंचाळली. एका मुलीची आजी कुंकू घरी करायची, तिनं सांगितलं की हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो. दुसऱ्या कोरड्या फळीवर पिवळी राहिली, पण उन्हात पंधरा दिवसांत उडून मळकट झाली. वास तर तिसऱ्याच दिवशी गेला. कायमच्या कामाला हळद नाही. उद्घाटनाला मात्र हाताचे ठसे हळदीचे आणि भिंत ताज्या चुन्याची, एवढं मुलांनी पक्कं केलंय.


तरफदार
मंगळवार, सकाळी ७:१५

मी मिरजेचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या वाद्यांचं काम. २०२४ ला आमच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ज्याला त्याला चौकात सिमेंटची सतार उभी करायचीय. तुमची सतार मुलांनी पिशवीत घातली, त्यांना माझा नमस्कार सांगा.

पाइपांची मापं काय घेतली होती ते लिहा. माझा एक अंदाज आहे.


कृष्णाकाठची
मंगळवार, दुपारी २:०५

भूप राग ठरवला होता. मध्यम-निषाद नाहीत, पाचच सूर, त्यामुळं कुणीही कसंही वाजवलं तरी कानाला टोचत नाही. सा ६० सेंटीमीटर धरून रे ५३.३, ग ४८, प ४०, ध ३६ असे कापले. ऐकल्यावर भूप सोडाच, भांड्यांचं फडताळ पडल्यासारखं झालं.


तरफदार
मंगळवार, रात्री ८:३०

तेच. तुम्ही तारेचा हिशोब पाइपला लावलात. तार निम्मी केली की बरोबर वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा. टांगून ठोकायच्या पाइपचं तसं नसतं. तो निम्मा कापला तर सूर दुप्पट नाही, चौपट चढतो, म्हणजे दोन सप्तकं वर. लांबीचा वर्ग आडवा येतो. म्हणून तुमचा रे गंधाराच्या जवळ जाऊन बसला असणार, आणि पंचम म्हणून कापलेला थेट तार सप्तकातला रिषभ बोलत असणार.

सा ६० ठेवून असे कापा: रे ५६.६, ग ५३.७, प ४९, ध ४६.५, वरचा सा ४२.४. कापताना दोन मिलिमीटर जास्त ठेवा, मग कानसेनं घासत सुरात आणा. घासलं की सूर चढतो, उतरवणं अवघड. एकाच नळीतले तुकडे घ्या, जाडी बदलली की हिशोब कोलमडला.

टांगायचं भोक टोकाला पाडू नका. दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, म्हणजे ६० च्या पाइपला १३.४ सेंटीमीटरवर पाडा. वाजताना पाइप तिथं हलत नाही, म्हणून तिथं धरला तर आवाज दबत नाही. मुलांना आधी पाइपवर चिमूटभर मीठ टाकून हळूहळू ठोकायला लावा. मीठ सरकत जाऊन तिथंच गोळा होतं. ते बघितल्यावर टक्केवारी सांगायची गरज पडत नाही.


इस्लामपूरचा इंजिनेर
मंगळवार, रात्री ९:१०

तरफदारांनी पाइपचं सांगितलं, मी सांगाड्याचं सांगतो.

जागा पुरातली आहे हे धरूनच चला. खांब काँक्रीटच्या पायात, बोल्ट गंजू नयेत असे, आणि सांगाडा उघडा. भरीव फळ्या लावल्या की पाणी त्यांना ढकलणार, शिवाय वाहून आलेली झाडं, गवत, गाद्या अडकणार. पुरात काय काय वाहत येतं ते सांगलीकरांना सांगायला नको.

लटकत्या पाइपांमध्ये फट किती ठेवताय? बागेतल्या मुलांच्या खेळण्यांचा नियम असा की ८ ते २५ मिलिमीटरची फट नको, त्यात बोट शिरतं आणि अडकतं. एक तर त्याहून बारीक, नाहीतर चांगली मोठी. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला लोखंडी पाइपला हात लावून बघा. वर सावली धरा, नाहीतर पाइप वाजायच्या आधी मुलं ओरडतील.

व्हीलचेअरचं सोपं आहे. फिरायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं, चढ एकास बारापेक्षा जास्त नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. हात बाराशे मिलिमीटरपर्यंत पोचतो असं धरा. त्यामुळं सगळे पाइप चार फुटांच्या आत घ्या. रेघा प्रमाणात खाली आणल्या की झालं.


कृष्णाकाठची
बुधवार, दुपारी १:४०

इंजिनेरसाहेब, मीही हेच म्हणाले होते. सात फुटांचे साडेतीन करू, सगळ्यांच्या हाताला येईल. मुलांनी हाणून पाडलं. तिथं पाणी सात फूट होतं, साडेतीन दाखवलं तर ते खोटं. आणि सगळ्यात जोरात नाही म्हणणारी व्हीलचेअरवरचीच. तिचं म्हणणं, "तेव्हा तरी कुणाच्या हाताला लागत होतं?"

सध्या इथंच गाडी अडलीय.


वाकडी काठी
बुधवार, रात्री १०:०५

मी पूर्ण अंध. मोबाइल वाचून दाखवतो तसा हा धागा ऐकतोय. चार गोष्टी बोलतो, रागावू नका.

अंध मुलं आहेत म्हणून आवाजाचं शिल्प, असं ठरलं असेल तर तिथंच थांबा. प्रत्येक अंध माणूस गायक नसतो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. लहानपणी प्रत्येक शिबिरात माझ्या पुढ्यात पेटी ठेवली जायची आणि मला हवे असायचे पाने-पक्कड, काहीतरी खोलून बघायला. त्या दोघांना विचारलंत का?

दुसरं, ब्रेल पाटी. लावा, जरूर लावा. पण पाटी आहे हे मला कोण सांगणार? एका बागेत सुंदर ब्रेल पाटी आहे म्हणून ऐकलं. गेलो, अर्धा तास भिंत चाचपली, शेवटी माळ्यानं हात धरून नेलं तर ती साडेसहा फुटांवर, फ्रेममध्ये, काचेच्या मागे. रस्त्यापासून पाटीपर्यंत उठावाच्या फरश्या टाका. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे. उलट्या बसवू नका, ठिकठिकाणी तेच होतं. आणि सगळे अंध ब्रेल वाचत नाहीत, उतारवयात दृष्टी गेलेले तर फारच थोडे. रेघांचा उठाव भिंतीवर बोटानं कळेल असा करा, ते सगळ्यांना वाचता येईल.

साडेचार फुटांवरच्या पाइपचं टोक पुढं येतंय का ते बघा. काठी जमिनीवरचं सांगते, छातीजवळचं नाही. चालता-चालता छातीत बसायचं.


कृष्णाकाठची
गुरुवार, रात्री ९:२५

काठीदादा, राग कसला. आज बैठकीत तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचला. विचारलं नव्हतं, हे कबूल. दोघांना विचारलं. एकाला तबला येतो आणि तो भूपावर खूश आहे. दुसरी म्हणाली, "मला वेल्डिंग करायचंय." सगळे हसले, ती नाही हसली. वेल्डरमामांशी बोलणं झालंय. जोडकाम तेच करणार, पण कापलेल्या पाइपांची टोकं हातानं तपासून कुठं खरखर राहिलीय ते ती सांगणार आणि कानस तीच चालवणार. आज तिनं असे दोन पाइप परत पाठवले जे मी पास केले होते.

कर्णबधिर मुलांचंही एक कळलं. एका मुलानं कोपऱ्यातला प्लायवूडचा रिकामा खोका उलटा करून त्यावर बसकण मारली आणि मैत्रिणीला खुणेनं सांगितलं की कडेला ठोक. ती ठोकतेय आणि हा डोळे मिटून बसलाय. मग तिघांनी आळीपाळीनं बसून बघितलं. पाइपाकडं ढुंकूनही बघितलं नाही.


तरफदार
गुरुवार, रात्री १०:१५

बरोबर आहे. बारीक पाइपचा उंच सूर हाताला जवळपास लागतच नाही. हाताच्या कातडीला सगळ्यात चांगलं कळतं ते सेकंदाला दोनशे-अडीचशे कंपनांच्या आसपासचं, हजाराच्या पुढं काहीच नाही. पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण सत्तरचा. भोपळ्याला गाल लावून बसा, छातीपर्यंत येतो. दुकानात लहान मुलं हे न सांगता करतात.

खोक्याला वर पातळ फळी, खाली जाड, मागं एक भोक. आतून फळीला जितकी मोकळीक तितका घुमारा. पावसाळ्यात फुगणार, तेव्हा पाण्याला टिकणारा प्लाय घ्या आणि जूनमध्ये उचलून आत ठेवता येईल असा करा.


शिडीवरचा माणूस
शुक्रवार, सकाळी ११:३०

छान चाललंय, पण एक खडा टाकतो. मी साताऱ्यात युवकांबरोबर काम करतो.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. आपल्याकडचे बहुतेक उपक्रम दुसऱ्या पायरीवर टीशर्ट घालून फोटो काढतात.

तर ताई, पैशाची वही कुणाकडं आहे? वेल्डरला मजुरी मिळणार, मिळायलाच हवी. आपला वेळ देणाऱ्या मुलांना काय, वडापाव? आणि पुढच्या वर्षी पाइप तुटला तर कुणी दुरुस्त करायचा हे आज ठरलंय का?


हळदीचं पोतं
शुक्रवार, सकाळी ११:४५

वडापाव न्हाई ओ, सांगलीत भडंग असतंय.


कृष्णाकाठची
शुक्रवार, रात्री ११:००

शिडीवाले, खडा लागला. वही माझ्याकडंच होती. आज ती गणित न येणाऱ्याकडं दिली. बरोबर एक मुलगी आहे हिशोब तपासायला. पहिल्याच दिवशी त्यांनी शोधून काढलं की मी रंगाच्या दुकानात दोनदा गेले आणि रिक्षाचे पैसे तीनदा लावले. मानधनाचं अजून ठरलं नाही. अठराच्या वरच्यांना दिवसाचे पैसे आणि लहानांना प्रवास-जेवण असं मी म्हणतेय, मुलांना ते पटलेलं नाही. "काम सारखं तर पैसे सारखे." जमवलेल्या रकमेत ते बसत नाही. दुरुस्तीचा तर विचारच केला नव्हता. आता दोन जास्तीचे पाइप आणि मापांचा कागद वेल्डरमामांकडं ठेवतोय.

सात फुटांचा तिढा मात्र सुटला. आज संध्याकाळी व्हीलचेअरवरच्या मुलीनंच सोडवला. म्हणाली, "देवळातली घंटा मला आजपर्यंत एकदाही वाजवता आलेली नाही. दरवेळी कुणीतरी उचलून घेतं नाहीतर माझ्या वतीनं वाजवतं. घंटेला दोरी असती तर?"

बस. वरच्या पाइपपाशी लाकडी ठोका, त्याला दोरी, दोरी खाली तिच्या गुडघ्यापर्यंत. पाइप सात फुटांवरच राहणार, रेघ खरी राहणार. लगेच सुतळी बांधून करून बघितलं. खर्जाचा पाइप वरच लावलाय, तो दोरीनं वाजला की खालचे दोन्हीही किंचित हलतात.

पण प्रत्येक गोष्टीला शेपूट असतंच. पकड नसलेल्या मुलाला दोरी धरता येईना. फास केला तर तो मनगट अडकवून छान ओढतो.


इस्लामपूरचा इंजिनेर
शनिवार, सकाळी ८:००

फास अजिबात नको! लहान पोरं मान घालतात. सार्वजनिक जागेत लोंबत्या दोरीला फास म्हणजे अपघाताला आमंत्रण. दोरीचं खालचं टोक मोकळं हवं, आणि तेही गळ्याभोवती गुंडाळता येणार नाही इतकं जाड किंवा कडक.

(पाइप चार फुटांच्या आत घ्यायची सूचना मागे घेतो. घंटेचं मला सुचायला हवं होतं, रोज देवळात जातो.)


हळदीचं पोतं
शनिवार, सकाळी ९:३५

आता माझं ऐका. बैलाचा कासरा बघितलाय न्हवं? दोरी सोडा, मधनं लोखंडी कांब घाला आणि वरनं कासऱ्यासारखं सूत गुंडाळा. कडक राहतंय, गळ्याला गुंडाळत न्हाई. खाली नारळाएवढा लाकडी गोळा. त्या पोराला बोटं लावायचं कामच न्हाई, कोपरानं गोळा ढकलला तरी ठोका पडंल. बाजारात कासरे वळणारे हायत, मी बोलतो.

सूतच घ्या, नायलॉन नको. उन्हात चिरतंय आणि हाताला कापतंय.


कृष्णाकाठची
शनिवार, रात्री ९:००

दादा, काय डोकं लावलंत! गोळा सगळ्यांना एका झटक्यात पटला. त्याची उंची मुलांनी मापलीसुद्धा, जमिनीपासून अडीच फूट.

स्वमग्न मुलगा इतके दिवस पाइप ठोकले की बाहेर जाऊन बसायचा. आज त्यानं सायकलची जुनी ट्यूब कापून ठोक्याला तीन वेढे दिले, वाजवून बघितलं, चौथा दिला. आवाज मऊ झाला. बाकीचे म्हणाले फारच बारीक झाला. शेवटी वरच्या ठोक्याला चार वेढे आणि खालच्यांना दोन अशी तडजोड झाली. खोक्याची जागा त्याच्याच सांगण्यावरून पाइपांपासून लांब, लिंबाखाली.

उद्या दहा वाजता सगळं तात्पुरतं बांबूवर बांधून बघणार आहोत. कुणाला यायचं असेल तर या. काठीदादा, तुम्ही आलात तर फार बरं होईल, फरशांची मांडणी अजून कागदावरच आहे.


वाकडी काठी
शनिवार, रात्री ९:४०

येतो. नऊच्या एसटीनं उतरेन. स्टँडवर कुणीतरी या, मुलांपैकी आलं तर उत्तम. फक्त माझा हात धरून ओढत नेऊ नका. तुमचं कोपर द्या, मी धरतो, आणि अर्धं पाऊल पुढं चाला.


कृष्णाकाठची
शनिवार, रात्री ९:५२

कानसवाली म्हणतेय की तीच येणार. तिच्याबरोबर गणितवाला. कोपर त्याचं.


हळदीचं पोतं
शनिवार, रात्री १०:०३

भडंग किती किलो आणू?